टोकियोतला संसार आणि आसपासची भटकंती : निशिकासाईहून काही नोंदी

निशिकासाईकर (धागालेखिका)

नोकरीच्या निमित्ताने टोकियोला येऊ घातलेली मराठी कुटुंबे राहायचे कुठे आणि पाहायचे काय, हे दोन प्रश्न हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा ते एकमेकांशी संबंध नसल्यासारखे विचारतात. मला ते तसे वाटत नाहीत. इथला कचरा कसा वेगळा करायचा, पुराचा नकाशा घरोघर का वाटला जातो, शेजारी नव्या माणसाकडून कोणती अपेक्षा ठेवतात, हे ज्याच्या अंगवळणी पडते त्याला इथली देवळे, नद्या आणि डोंगरही अधिक नीट दिसतात. म्हणून इथे राहायला आलेल्यांनी पर्यटकांच्या यादीमागे लगेच धावू नये, आधी आपला प्रभाग पायाखाली घालावा, असे माझे ठाम मत आहे.

निशिकासाई हे एदोगावा प्रभागातील स्थानक तोझाई मार्गिकेवर आहे. २००० सालच्या आसपास संगणकक्षेत्रातील भारतीय अभियंते मोठ्या संख्येने टोकियोत येऊ लागले, तेव्हा ओतेमाची आणि निहोनबाशी येथील बँका व कार्यालये इथून थेट गाठता येत असल्यामुळे त्यांची वस्ती या भागात वाढत गेली. दुसरे कारण घरांचे आहे. जपानमध्ये खाजगी घर भाड्याने घेताना अनामत रकमेखेरीज घरमालकाला ‘रेइकिन’ नावाची परत न मिळणारी रक्कम द्यावी लागू शकते, शिवाय हमीदारही लागतो, आणि नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाला हमीदार मिळवणे फार जड जाते. ‘यूआर’ या निमसरकारी संस्थेच्या गृहसंकुलांत रेइकिन, हमीदार आणि कराराच्या नूतनीकरणाचे शुल्क या तिन्ही गोष्टी नसतात. अशी संकुले या परिसरात असल्याने पहिले घर मिळवणे सोपे झाले. पुढे भारतीय शाळा आली, किराणा दुकाने आली, आणि २०१९ साली महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून गेले. परदेशातून आलेला माणूस इथे केवळ पाहुणा राहत नाही, याची ती जाहीर नोंद आहे असे मी मानते.

पहिल्या पंधरवड्यातली कामे चुकवू नयेत. विमानतळावर निवासपत्र हातात पडते, पण घर मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात जाऊन त्यावर पत्ता नोंदवावा लागतो. कंपनीकडून आरोग्यविमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्यविम्याची नोंदणीही तिथेच होते. दोन्ही प्रकारच्या विम्यात सर्वसाधारण प्रौढ माणसाला उपचारांच्या खर्चाचा ३० टक्के भाग स्वतः भरावा लागतो. टोकियोच्या २३ प्रभागांत एप्रिल २०२३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विम्यात बसणाऱ्या उपचारांसाठी पालकांना पैसे द्यावे लागत नाहीत, मात्र त्यासाठीचे प्रमाणपत्र अर्ज करून वेगळे घ्यावे लागते. नवीन कुटुंबे नेमके हेच विसरतात.

कचऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शेजाऱ्यांचे तुमच्याविषयी जे मत बनते ते बहुधा याच एका गोष्टीवरून बनते. जळणारा, न जळणारा आणि पुनर्वापराचा कचरा वेगवेगळ्या वारी, सकाळी आठच्या आत, ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवायचा असतो. कावळे पिशव्या फाडतात, म्हणून त्यांच्यावर जाळी नीट पसरावी लागते. पेयांच्या बाटलीचे झाकण आणि वेष्टन काढून बाटली विसळायची. दुधाचा पुठ्ठ्याचा डबा धुऊन, कात्रीने उभा कापून, सपाट करून वाळवायचा आणि मग सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या पेटीत टाकायचा. साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू टाकायची असेल तर आधी दूरध्वनीवर किंवा संगणकावर वेळ ठरवावी लागते, दुकानातून शुल्काची चिकटपट्टी विकत घेऊन ती वस्तूवर लावावी लागते, आणि दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाई यंत्र व वातानुकूलन यंत्र यांना तर ही सोयही लागू नसते, त्यांच्यासाठी २००१ पासून वेगळाच कायदा आहे. सुरुवातीला हे जाचक वाटते हे खरे, पण महिन्याभरात हात आपोआप वळतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. एदोगावा प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीहून खाली आहे, कारण विसाव्या शतकात कारखान्यांसाठी भूजल उपसले गेले आणि भूभाग खचत गेला. २०१९ साली प्रभागाने घरोघर वाटलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर, महापूर आला तर या भागात थांबू नका, इतक्या स्पष्ट शब्दांत सूचना छापली होती. त्यावर बरीच टीका झाली, पण मला ती सूचना अत्यंत प्रामाणिक वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरात हागिबिस वादळ आले आणि नकाशा कपाटात ठेवण्यासाठी नसतो हे सगळ्यांनाच उमगले. आपण संध्याकाळी ज्या अराकावाच्या बांधावर फिरायला जातो ती रुंद नदी माणसांनी खोदलेली आहे. १९१० च्या महापुरानंतर सुमिदा नदीचे पाणी वळवण्यासाठी हे पात्र खणायला घेतले आणि १९३० साली ते काम पूर्ण झाले. हे कळल्यावर त्या बांधाकडे निव्वळ फेरफटक्याची जागा म्हणून पाहता येत नाही.

आता भटकंतीविषयी. घरापासून चालत जाण्याजोग्या ग्योसेन उद्यानात प्रवेशशुल्क नसलेले छोटे प्राणिसंग्रहालय आहे आणि त्यात तांबडा पांडा आहे. कासाई स्थानकाच्या पुलाखालच्या भुयारी रेल्वेच्या संग्रहालयात १९२७ साली धावलेला पहिल्या मार्गिकेचा डबा ठेवलेला आहे. बसने कासाई रिंकाई उद्यानात गेले की ११७ मीटर उंचीचा आकाशपाळणा आणि ट्यूना माशांचे मत्स्यालय पाहता येते. परंतु त्या उद्यानाचे खरे वैभव हिवाळ्यात समुद्रावर उतरणाऱ्या बदकांच्या थव्यांत आहे. तिथला किनारा २०१८ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथे दोन वाळूपट्टे असून पूर्वेचा पट्टा पक्ष्यांसाठी राखलेला आहे, माणसांना तिथे जाऊ देत नाहीत. थंडीतल्या स्वच्छ सकाळी फुजी पर्वतही दिसतो.

माझे सर्वांत आवडते ठिकाण मात्र असाकुसाजवळचे मात्सुचियामा शोदेन हे आहे. सेन्सोजी मंदिरात पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथून दहा-पंधरा मिनिटे सुमिदा नदीच्या कडेने चालत गेले की एका छोट्या टेकडीवर हे मंदिर शांतपणे उभे आहे. इथली देवता कांगितेन, म्हणजेच आपला गणपती. तो बौद्ध परंपरेच्या वाटेने भारतातून चीनमध्ये आणि तिथून जपानमध्ये आला. मूर्ती गुप्त असते, तिचे दर्शन कोणालाही होत नाही. दिसतात ती दोन चिन्हे : एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशांचा बटवा. पायऱ्यांच्या कठड्यावर, दिव्यांवर, दगडी कुंडावर, जिथे पाहावे तिथे ती कोरलेली आहेत. दुर्वा आणि जास्वंद यांच्या जागी इथे भक्त मुळा वाहतात. मंदिरातच एका बाजूला पांढरेशुभ्र, हातभर लांब मुळे विकायला ठेवलेले असतात, एक घ्यायचा आणि आत जाऊन देवासमोर रचलेल्या राशीत ठेवायचा. पूजा झालेले मुळे नंतर प्रसाद म्हणून लोकांना घरी नेता येतात. एक आजी आपल्या पिशवीत असा मुळा ठेवताना तो आधी कपाळाला लावत होत्या, ते पाहून मला आपल्याकडच्या देवळातच असल्यासारखे वाटले. ७ जानेवारीला इथे मुळ्याचा उत्सव असतो. मोदकांचे ताट नाही म्हणून कोणी हिरमुसू नये. देव इतक्या दूर आला आणि इथल्या मातीतले जे उत्तम ते त्याने स्वीकारले, याचा मला फार आनंद वाटतो.

सुगरण

लेख आवडला. आम्ही कानागावात राहतो आणि पूर्ण शाकाहारी आहोत, त्यामुळे जेवणाबद्दल भर घालते. ‘मांस नको, मासे नकोत’ एवढे सांगून भागत नाही, कारण इथे दाशी, म्हणजे बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क, मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सुपात, नूडल्सच्या रश्शात, उकडलेल्या भाज्यांत आणि कित्येकदा लोणच्यातही असतो. वाढणाऱ्या माणसाला तो मासा वाटतच नाही, म्हणून दाशीविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते. पाकिटावर ठळक दिलेल्या ॲलर्जीच्या यादीवरही विसंबून राहू नये. त्या यादीत अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे पदार्थ सक्तीने लिहावे लागतात, परंतु बोनिटोचा त्यात समावेश नाही, तो घटकपदार्थांच्या बारीक अक्षरांतच शोधावा लागतो. घाईच्या वेळी कोपऱ्यावरच्या कोंबिनीतील (छोट्या दुकानातील) उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ घातलेला भाताचा गोळा चालतो, पण त्याचेही घटक एकदा वाचून घ्यावेत.

मुलीच्या सरकारी शाळेत दुपारचे जेवण शाळेतच शिजते आणि मुलेच पांढरे अंगरखे घालून एकमेकांना वाढतात. आम्ही मुख्याध्यापकांना भेटून लेखी विनंती केली आणि डबा नेण्याची परवानगी मिळाली. मात्र वाढण्याची आणि आवरण्याची पाळी तिलाही इतरांसारखीच असते, आणि ती तिला मनापासून आवडते. सर्वच शाळा डब्याला तयार होतात असे नाही, म्हणून प्रवेशाआधी विचारलेले बरे.

निशिकासाईकर

सुगरणताई, फार उपयोगी माहिती दिलीत. भाज्यांबाबत एक जोड देते. इथे मेथी सहज मिळत नाही म्हणून अनेक जण हळहळतात, पण कोमात्सुना ही पालेभाजी वर्षभर मिळते आणि ती मूळची आमच्या एदोगावा प्रभागातली. कोमात्सुगावा या इथल्याच गावावरून तिला हे नाव पडले. लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतून वरून बेसन पेरले की तिची उत्तम पीठ पेरलेली भाजी होते. काबोचा भोपळ्याचे घारगे तर लाल भोपळ्याच्या घारग्यांपेक्षाही गोड होतात, गूळ कमी घालावा लागतो.

डोंगरवाट

धागालेखिकेच्या मताचा आदर ठेवून थोडी वेगळी बाजू मांडतो. मी नागानो प्रांतातील मात्सुमोतो येथे राहतो. निशिकासाईत भारतीय दुकान, भारतीय शाळा आणि भारतीय शेजार असल्यामुळे जम बसायला मदत होते हे मान्य आहे, परंतु त्याच सोयीमुळे अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे जपानी भाषेवाचून राहतात, आणि विशेषतः नोकरी न करणाऱ्या जोडीदाराचे जग चार इमारतींपुरते उरते. आमच्या गल्लीत दुसरे भारतीय घर नाही. राहायला आलो तेव्हा आजूबाजूच्या घरी जाऊन छोटी भेटवस्तू देऊन ओळख करून दिली, आणि तेव्हापासून परिसर मंडळाची फिरती सूचनापाटी आमच्याही दारी येते. ती वाचून, सही करून पुढच्या घरी नेऊन द्यायची असते. माझे जपानी वाचन शिकवणीपेक्षा त्या पाटीने अधिक सुधारले. हिवाळ्यात रात्रीचे तापमान शून्याखाली बरेच उतरते आणि नळ फुटू नयेत म्हणून झोपण्यापूर्वी त्यांतले पाणी काढून टाकावे लागते, हे आम्हाला शेजारच्या आजोबांनी प्रत्यक्ष हाताने करून दाखवले.

पाहण्याविषयी म्हणाल तर मात्सुमोतोचा किल्ला राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता असलेल्या पाच किल्ल्यांपैकी एक आहे. आतील लाकडी जिने एके ठिकाणी ६१ अंशांइतके चढे आहेत, त्यामुळे पायांत बळ असेल तरच वर जावे. आपल्या गडकोटांवर वाढलेल्यांना हा किल्ला सपाट जमिनीवर, पाण्याच्या खंदकात पाहून नवल वाटते, पण मागे बर्फाच्छादित पर्वतांची रांग दिसली की त्याची जागा पटते. कामिकोची हे पर्वतांतील खोरे एप्रिलच्या उत्तरार्धापासून १५ नोव्हेंबरपर्यंतच उघडे असते. तिथे खाजगी गाड्यांना बंदी आहे, खालच्या वाहनतळावर गाडी ठेवून बसने जावे लागते. या बंदीमुळेच नदीकाठची ती वाट आजही निर्मळ राहिली आहे, आणि आपल्याकडच्या माथेरानप्रमाणे इतर गिरिस्थानांनीही याचा विचार करावा असे मला कळकळीने वाटते.

निशिकासाईकर

डोंगरवाट, आपला मुद्दा मोलाचा आहे आणि भाषेबाबत मी तो पूर्णपणे स्वीकारते. फक्त एवढेच म्हणेन की भारतीय शेजार असलेल्या ठिकाणी राहूनही परिसर मंडळात जाता येते. उन्हाळी सुट्टीत सकाळी साडेसहाला मैदानात रेडिओवरच्या कवायतीसाठी मुले जमतात, त्यांच्या कार्डावर रोज शिक्का मारायला मोठी माणसे लागतात. मी ते काम मागून घेतले आणि तिथेच माझ्या पहिल्या जपानी मैत्रिणी झाल्या. गर्दीबाबत मात्र तुम्ही सुखी आहात. आमच्या तोझाई मार्गिकेवर किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात कोविडच्या महासाथीपूर्वी सकाळच्या गर्दीचे प्रमाण क्षमतेच्या १९९ टक्क्यांवर पोहोचले होते. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांनाही त्या डब्यातली शांतता नवी वाटते : इतकी माणसे खांद्याला खांदा लावून उभी, आणि कोणी फोनवर बोलत नाही.

कान्साईवासी

मी ओसाकात राहतो. गणपतीचा उल्लेख वाचला म्हणून कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध तीर्थक्षेत्राविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीला, तिथून तारेने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने पाच मिनिटांत डोंगरावर, आणि पुढे बसने गावात असा मार्ग आहे. कुकाई या आचार्यांनी ८१६ साली हे पीठ स्थापन केले. आज तिथे ११७ मंदिरे असून त्यांपैकी सुमारे ५० मंदिरांत यात्रेकरूंना मुक्काम करता येतो. शाकाहाऱ्यांसाठी तर ती पर्वणीच आहे, कारण जेवण भिक्षूंच्या परंपरेचे, मांस-मासे आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेले असते. लाखेच्या छोट्या चौरंगांवर तिळाचे टोफू, गोठवून वाळवलेले कोया-टोफू, भाज्यांचे तेम्पुरा (भज्यांसारखे तळलेले), भात आणि समुद्री शैवालाच्या दाशीवर केलेले सूप येते. सुगरणताईंना इथे घटक वाचत बसावे लागणार नाही.

ओकुनोइन हे तिथले समाधिस्थान. इचिनोहाशी पुलापासून सुमारे दोन किलोमीटरची वाट उंच देवदारांतून जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या आणि स्मारके आहेत. सरदारांच्या मोठ्या समाध्या आहेत, तशाच साध्या माणसांच्या हातभर उंचीच्या शिळाही आहेत. त्यांतल्या पाच थरांच्या दगडी स्मारकांकडे अवश्य थांबून पाहावे. तळाचा चौकोन पृथ्वीचा, त्यावरचा गोल जलाचा, त्रिकोणी छत तेजाचे, त्यावर वायू आणि टोकाला आकाश. आणि त्या थरांवर सिद्धम् लिपीत अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरे खालून वर कोरलेली असतात. सिद्धम् आणि आपली देवनागरी या दोन्ही ब्राह्मीच्याच कुळातल्या. शेवाळ साचलेल्या दगडावर मी बोट फिरवून ‘अ’ ओळखला तेव्हा सोबतच्या जपानी सहकाऱ्यांना विश्वास बसेना, कारण त्यांच्यासाठी ती केवळ मंत्राक्षरे होती, वाचायची अक्षरे नव्हेत.

कुकाई ८३५ साली गेले असे इतिहास सांगतो, परंतु त्यांच्या अनुयायांच्या श्रद्धेनुसार ते तिथे आजही ध्यानस्थ आहेत आणि भिक्षू दररोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेतात. पहाटेचा नैवेद्य घेऊन जाणारे भिक्षू मी पाहिले आहेत. दोघांनी लाकडी पेटी उचललेली, पुढे एक ज्येष्ठ भिक्षू, आणि कडेला उभे असलेले सगळे लोक हात जोडून स्तब्ध. आळंदीच्या संजीवन समाधीसमोर उभे राहिलेल्या माणसाला ही श्रद्धा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कृपया समाधीजवळच्या गोब्योबाशी पुलाच्या पलीकडे छायाचित्रे काढू नका, तिथे मनाई आहे.

गोदाकाठ

मी नाशिकची. मुलगा आणि सूनबाई निशिकासाईलाच राहतात. आम्ही दोघे ऑक्टोबरात तिकडे येणार आहोत. माझे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. आम्हाला झेपेल असे काय पाहावे, आणि तिकिटांचे काय करावे, हे कृपया सांगावे.

निशिकासाईकर

काकू, नमस्कार. ऑक्टोबरचा उत्तरार्ध निवडलात तर हवा उत्तम असते, पूर्वार्धात मात्र वादळांची शक्यता राहते. स्थानकांवर उद्वाहक (लिफ्ट) असतात, पण ते बहुधा एकाच ठरावीक दाराशी असतात, म्हणून मुलाला निघण्यापूर्वी त्या दाराचा क्रमांक पाहून ठेवायला सांगा, नाहीतर जमिनीखालीच खूप चालणे होते.

मात्सुचियामा शोदेनला टेकडीवर जाण्यासाठी वाहनतळाच्या बाजूने ज्येष्ठांसाठी एक छोटी चढती गाडी आहे, त्यामुळे पायऱ्या टाळता येतील. त्यानंतर एक दिवस शिबामाताला ठेवा. तिथे ताइशाकुतेन, म्हणजे इंद्राचे मंदिर आहे. सभागृहाच्या बाहेरच्या लाकडी भिंतींवर सद्धर्मपुंडरीक सूत्रातील कथा इतक्या खोल कोरल्या आहेत की माणसे भिंतीतून बाहेर आल्यासारखी वाटतात, आणि पावसापासून जपण्यासाठी त्या काचेआड ठेवलेल्या आहेत. स्थानकापासून मंदिरापर्यंतची गल्ली छोटी आहे, दुकानांत बसून हिरव्या पाल्याचे तांदळाचे दांगो, म्हणजे छोटे गोळे, खाता येतात. मागे एदोगावा नदीवर हाताने वल्हवण्याची जुनी होडी आहे, वारा नसेल तर बसा.

कामाकुराच्या बुद्धासाठी एनोदेन गाडीने हासे स्थानकावर उतरा, तिथून सावकाश दहा मिनिटांचे चालणे आहे. ब्राँझची ती मूर्ती सुमारे ११.३ मीटर उंच असून तिचे काम १२५२ साली सुरू झाले. तिच्यावरचे मंदिर आपत्तींत नष्ट झाले आणि तेव्हापासून ती उघड्यावर आहे. रविवार मात्र टाळा, एनोदेनला फार गर्दी असते. ताकाओ डोंगर केवळ ५९९ मीटरचा आणि अर्ध्यापर्यंत तारेने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने जाता येण्याजोगा असला, तरी वरच्या मंदिराला पायऱ्या आहेत, तो मुलावर आणि सूनबाईवर सोपवा.

तिकिटांबाबत : जपान रेल पास अल्पकालीन व्हिसावर येणाऱ्यांनाच मिळतो, म्हणजे तो तुम्हाला मिळेल, मुलाला मिळणार नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली, तेव्हा केवळ टोकियो-क्योतो जाऊन येण्यासाठी तो परवडत नाही. निक्को, कारुइझावा यांसारख्या ठिकाणी जायचे असेल तर पूर्व जपान रेल्वेचा तीन दिवसांचा टोकियो परिसराचा पास पाहा, तो परदेशी पारपत्र असलेल्या रहिवाशांनाही मिळतो, म्हणून चौघांना एकत्र जाता येईल. आणि प्रवासविमा नाशिकहून निघण्यापूर्वीच काढा, कारण अल्पकालीन व्हिसावर आलेल्यांना इथला राष्ट्रीय आरोग्यविमा लागू होत नाही. रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. सर्दीची काही औषधे इथे आणायला बंदी आहे, त्यामुळे ती यादीही मुलाकडून आधी तपासून घ्या.